शाळेच्या सुट्ट्या: यादी जिल्ह्याची, सण गावाचा

तेरणाकाठ (धागाकर्ता)

जून उजाडला, सुट्ट्यांची यादी आली की आमच्या गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेलं भांडण सुरू होतं. त्यांच्या सणाला सुट्टी, आमच्या सणाला परीक्षा. त्यांना सवलत, आम्हाला नियम. यातले 'ते' आणि 'आम्ही' पोस्टगणिक बदलतात, बाकी मजकूर तोच. यंदा पारशी नववर्षावर घसरलेत. तालुक्यात एक पारशी दाखवा आणि बक्षीस न्या, असा फॉरवर्ड फिरतोय.

मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक आहे. ग्रुपवर तोंड उघडलं की स्क्रीनशॉट केंद्रप्रमुखांपर्यंत जातो, म्हणून इथं लिहितो.

भांडायचंच तर आधी भांडण केवढ्याचं आहे ते बघू. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणं रविवार सोडून वर्षाला जास्तीत जास्त ७६ सुट्ट्या. प्राथमिकच्या याद्याही याच आकड्यावर निघतात. ३६५ मधून ५२ रविवार आणि हे ७६ काढले की २३७ राहतात. कामाचे दिवस किमान २३० भरले पाहिजेत, असं परिपत्रकात बजावलेलं असतं. म्हणजे इकडंतिकडं करायला हातात सात दिवस. आता ७६ फोडा. २ मे ते १४ जून उन्हाळी सुट्टी धरली तर ४४ दिवस, त्यात सहा रविवार, राहिले ३८. बरोबर निम्म्या सुट्ट्या उन्हातच गेल्या. दिवाळीच्या दहा-बारा. मग उरतात सव्वीस ते अठ्ठावीस. त्यात सगळे धर्म, सगळ्या जयंत्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक सुट्ट्या आणि मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या दोन. गावोगाव डोकी फुटायची वेळ येते ती या पंचवीसेक दिवसांवरून.

माझी तक्रार वेगळी आहे. यादी जिल्ह्याला बसून होते आणि शाळेच्या हजेरीपटाकडं कोणी बघत नाही. आमच्या गावची जत्रा चैत्रात भरते. ती यादीत नाही. त्या दिवशी शाळा कागदावर चालू. खिचडी करणाऱ्या ताई सकाळी ऑफिसच्या दारात येऊन विचारतात, "सर, तांदूळ कितीचा काढू?" पाचवीपर्यंत लेकरामागं १०० ग्रॅम, सहावीपासून १५०. पटावर बघावं तर मोठं पातेलं चढवायला लागतं, वर्गात बघावं तर घरचा कुकर पुरतो. ताईंना दोन्ही माहीत असतं, तरी विचारतात, कारण शिल्लक तांदळाचा हिशेब मला लिहायचा असतो, त्यांना नाही. आलेली लेकरं कोणती? ज्यांच्या घरी जत्रेला पाहुणे येत नाहीत ती. एक मुसलमानाचं, दोन पारध्यांची, एक बिचाऱ्या आजीपाशी राहणारं. त्यांना मी काय शिकवू? नवीन धडा घेतला तर बाकीच्यांना परत घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी जत्रेची कर, म्हणजे सणानंतरचा दिवस. पुन्हा तेच.

तुमच्याकडं कसं चालतं? धर्म मधे आणायचा तर आणा, पण हजेरी सांगून आणा.

मन्याडखोरं

सर, राग मानू नका, एक घाव दोन तुकडे करा. सगळ्या धार्मिक सुट्ट्या बंद. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, १ मे आणि आपला १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिदिन. बाकी शाळा चालू. ज्याला सण करायचाय त्यानं घरी करावा. सरकारी शाळेला धर्म नसतो. मुलांनी मारुतीलाही सुट्टी मागू नये आणि पीरालाही.

बालाघाट

१ मे तर सुट्टीत न्हाई का जात? झेंडा आन् निकाल. आन् १७ सप्टेंबरला झेंडा वंदून लेकरं घरीच येतेत की. मंग उरलं काय तुमच्या यादीत.

निळी_शाई

पारशी नववर्षावाल्या फॉरवर्डचं आधी उरकून टाकू, कारण तो माझ्याकडंही आलाय.

शहेनशाही पंचांगाचं वर्ष सरळ ३६५ दिवसांचं असतं, त्यात लीप वर्षाचा दिवस नाही. म्हणून दर चार वर्षांनी नववर्ष इंग्रजी तारखेच्या मानानं एक दिवस अलीकडं येतं. २०२३ पर्यंत ते १६ ऑगस्टला होतं. २०२४ पासून १५ ऑगस्टला आलं आणि २०२७ पर्यंत तिथंच आहे. म्हणजे ज्या सुट्टीवरून तुमच्या गावात बक्षिसं लागलीत, ती सुट्टी सध्या वेगळी मिळतच नाही. झेंडावंदनातच ती संपते. फॉरवर्ड करणाऱ्यानं कॅलेंडर उघडलं नाही, एवढंच.

सार्वजनिक सुट्ट्यांची राज्याची यादी २४ ची असते. ती निघते १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाखाली, म्हणजे चेक-हुंडीच्या कायद्याखाली. बँका कधी बंद राहतील हे ठरवायला ती केली, शाळेतल्या लेकरांचा विचार तिच्यात कधीच नव्हता. आणि त्या २४ पैकी शाळेच्या वाट्याला किती येतात ते बघा. २०२५ घ्या. २६ जानेवारी रविवारी. गुढीपाडवा रविवारी. रामनवमी रविवारी. मोहरम रविवारी. बुद्ध पौर्णिमा आणि बकरी ईद उन्हाळी सुट्टीत. दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला. पारशी नववर्ष १५ ऑगस्टला. लक्ष्मीपूजन आणि बलिप्रतिपदा दिवाळीच्या सुट्टीत. दहा अशाच गेल्या. राहिलेल्या चौदांवरून देश बुडतो म्हणणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार.

मन्याडखोरं

मुद्दा पारशांचा नाहीच. मुद्दा असा की एकाला दिली की दुसरा मागतो. आज याची जयंती, उद्या त्याची पुण्यतिथी. उत्तर प्रदेशात २०१७ ला महापुरुषांच्या नावाच्या पंधरा सुट्ट्या एका फटक्यात काढल्या. काय बिघडलं?

निळी_शाई

जयंत्यांचं म्हणत असाल तर बरंचसं मान्य. अण्णाभाऊंची जयंती १ ऑगस्टला शाळा भरवून होते, मुलं भाषणं पाठ करून येतात. सुट्टी दिली असती तर त्या दिवशी वर्गात त्यांचं नावही निघालं नसतं. पण जयंती आणि सण एका मापात बसत नाहीत. जयंती शाळेत साजरी करता येते. लक्ष्म्यांचं, म्हणजे गौरींचं, जेवण शाळेत कसं करणार?

आणि फटक्यात काढायचं म्हणता तर बिहारचंही आठवा. २०२३ च्या ऑगस्टअखेर तिथल्या शिक्षण खात्यानं सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या सुट्ट्या २३ वरून ११ वर आणल्या. कारण रास्त दाखवलं होतं, शिक्षण हक्क कायद्यानं पाचवीपर्यंत २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरायला हवी. आठवडाभरात आदेश मागे घ्यावा लागला. सणाच्या दिवशी गावातली शाळा आदेशानं उघडते, भरत नाही.

उर्दू_मीडियम

अस्सलाम अलैकुम, नमस्कार. मी परभणी भागात उर्दू माध्यमाच्या शाळेवर आहे. आमच्याबद्दल ग्रुपवर काय काय लिहितात ते वाचतो, म्हणून थोडं सविस्तर.

रमजानात आमची शाळा सकाळी भरते. महिनाभर सुट्टी असते असा अनेकांचा समज आहे. तसं नसतं. वेळ बदलते. सहरीसाठी उठलेलं पोर दुपारी दोनला फळ्याकडं बघत झोपतं, म्हणून सकाळचं सत्र. उन्हाळ्यात तुमच्या शाळाही सकाळी भरतात, तेव्हा कोणी 'उन्हाचे लाड' म्हणत नाही. पुढची काही वर्षं रमजान थंडीत येणार आहे. हिजरी वर्ष दहा-अकरा दिवसांनी लहान असतं, त्यामुळं २०२६ ला तो ऐन दहावी-बारावीच्या परीक्षेत आला. आमच्या मुलांनी रोजे ठेवून पेपर दिले. परीक्षा पुढं ढकला म्हणून आमच्याकडून तरी कोणी गेलं नाही.

खरी अडचण मराठी माध्यमातल्या मुस्लिम मुलांची आहे. वर्गात दोन-चारच असतात. माझ्या भाच्याच्या शाळेत ईदच्या दुसऱ्या दिवशी घटक चाचणी होती. वर ईदची तारीख चांद दिसण्यावर. यादीत सोमवार, चांद दिसला नाही तर मंगळवार. मग सोमवारची सुट्टी फुकट आणि मंगळवारी पोरगं नवे कपडे घालून गणिताच्या पेपरला. सुधारित आदेश कधी रात्री उशिरा येतो, कधी गावापर्यंत पोचतच नाही. भाच्याच्या बाईंनी नंतर चाचणी घेतली, चांगल्या होत्या त्या. पण ते त्यांच्या मनावर होतं. दुसऱ्या बाई असत्या तर शून्य.

अजून एक. कित्येक शाळांत श्रावणी सोमवारी अर्धी शाळा असते. असू दे, मला त्यात काही वाटत नाही, मुलं उपाशी असतात. मात्र शुक्रवारी नमाजला सातवीतल्या मुलानं अर्धा तास मागितला की 'सरकारी शाळेला धर्म नसतो' हे वाक्य बाहेर येतं. मन्याडखोरं साहेब, ते वाक्य तुम्ही सोमवारी पण म्हणणार असाल तर मी तुमच्या बाजूनं.

मन्याडखोरं

सोमवारी पण म्हणतो. आमच्या शाळेत म्हणालो होतो, पालक सभेत मला खाली बसवलं.

उर्दू_मीडियम

मग आपलं जमतं. 😊

बालाघाट

उर्दूवाल्या सरांचं खरंय. २०२३ ला ईद-ए-मिलाद आन् अनंत चतुर्दशी एकाच दिवशी आली व्हती, २८ सप्टेंबरला. मुस्लिम मंडळींनी जुलूस दुसऱ्या दिवशी नेला, सरकारनं सुट्टी २९ ला दिली. बंदोबस्ताचा ताण गेला. पन आमच्या ग्रुपवर काय आलं? 'एक सुट्टी जास्तीची लाटली'. माणसानं एक पाऊल मागं घेतलं तरी बोलणारं बोलतंयच.

जुनं_दफ्तर

मराठवाड्यात ही भांडणं नवी नाहीत. आमचे वडील निजामाच्या राज्यात शिकले. तेव्हा आठवड्याची सुट्टी शुक्रवारी असायची. रविवारी शाळा भरायची, आणि रविवारी शाळा म्हणजे अन्याय असं गावात एकालाही वाटत नव्हतं. सप्टेंबर १९४८ ला पोलीस ॲक्शन झाली आणि शुक्रवार जाऊन रविवार आला. वडील सांगायचे, सुट्टी बदलली, अभ्यासक्रमाची भाषा बदलली, छडी मात्र तीच राहिली. पुढं १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात गेलो आणि सुट्ट्यांचा कागद हैदराबादऐवजी मुंबईहून यायला लागला.

हे सांगायचं कारण, रविवार हासुद्धा धर्मातूनच आलेला वार आहे. तो इतका अंगवळणी पडला की आपण त्याला सेक्युलर समजतो. गावात विचाराल तर कष्टकरी माणसाचा सुट्टीचा दिवस अजूनही बाजाराचा. आमच्याकडं बाजार मंगळवारी. मंगळवारी दुपारनंतर वर्गात बघा किती लेकरं राहतात ते. माय बाजाराला गेली की धाकटं सांभाळायला थोरली घरी.

दुधनाकाठची_आई

मी शिक्षक नाही, आई आहे. शेतमजुरी करते. मोबाईल पोरीचा आहे, तीच टाईप करून देते.

तुम्ही सगळे सुट्टी मिळावी का नाही यावर बोलताय. आम्हाला सुट्टी म्हणजे काय ते सांगते. सुट्टीच्या दिवशी एक जेवण घरचं जास्तीचं लागतं. लहान्याला कापसाच्या रानात न्यावं लागतं. दहा वर्षाच्या पोरीला रिकामं बसवून कोण ठेवतं? तिच्या कमरंला पण ओटी बांधतात. दोन दिवस वेचलं की तिला स्वतःला पैशाची गोडी लागती. मग सोमवारी शाळेत जा म्हणावं तर पोटात दुखतंय. सणाला द्या सुट्टी, सण सगळ्यांनाच पाहिजे. पण ते सणाच्या आदल्या दिवशीची, नंतरच्या दिवशीची, मधल्या शनिवारची, ते जोडून जोडून चार दिवस करतात ते नका करू. ते आमच्यासाठी करत नाहीत. ज्यांना गावाहून तालुक्याला जायचं असतं त्यांच्यासाठी करतात.

बालाघाट

ताई लाखात एक बोलल्या. मुख्याध्यापकांच्या अधिकारातल्या दोन सुट्ट्या कुठं जातेत ते इथल्या मास्तर लोकांनी सांगावं. जत्रेला का देत न्हाईत?

तेरणाकाठ

सांगतो. बऱ्याच ठिकाणी त्या रविवारला चिकटवल्या जातात. गुरुवारी सण आला की शुक्रवारी मुख्याध्यापकांची सुट्टी, शनिवार तसाही अर्धा. स्टाफ अपडाऊन करणारा असला की हे आपोआप होतं, कोणी ठराव करत नाही. आमच्याकडंही झालेलं आहे. नव्या मुख्याध्यापकांनी मागच्या वर्षी एक सुट्टी जत्रेला ठेवली तर स्टाफरूममध्ये दोन दिवस कोणी धड बोलत नव्हतं.

बाजूच्याच लातूर जिल्ह्याचं एक उदाहरण देतो, ते मला फार आवडतं. येळवस. मार्गशीर्षातली अमावस्या, कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. राज्याच्या यादीत हा सण शोधून सापडणार नाही. पुण्या-मुंबईच्या माणसाला नावही माहीत नसतं. पण त्या दिवशी लातूर, धाराशिवची गावं ओस पडतात, बाजारपेठ बंद, सगळी माणसं रानात. कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील, खीर. ज्याला शेत नाही त्याला शेतवाला बोलावून नेतो. आमच्या रानात दरवर्षी गवंडीकाम करणारे खानभाई सहकुटुंब जेवायला असतात, आणि भज्जी परत परत मागून घेतात. लातूरचे जिल्हाधिकारी स्थानिक सुट्टी जाहीर करतात. त्यावरून कधी भांडण ऐकलंय? हा कोणत्या धर्माचा सण, असं कोणी विचारलंय? पूजा आहे, नैवेद्य आहे, सगळं आहे. तरी नाही. कारण त्या दिवशी शाळा उघडली तर भिंतींना शिकवावं लागेल, हे सगळ्यांना दिसतं.

मन्याडखोरं

ते शेतीचं म्हणून चालतं. धर्माचं चालत नाही.

तेरणाकाठ

तेच तर म्हणतोय. हजेरीवर सुट्टी ठरली की धर्माचा प्रश्न अर्धा तिथंच सुटतो.

कोयत्याची_लेक

इथं सगळे वर्षातल्या पंचवीस दिवसांवर बोलताय म्हणून लिहिते. मी बीड जिल्ह्यातली. आईबाप ऊसतोडीला जायचे. मुकादमाची उचल घेतलेली असायची, दसरा झाला की गाडी गावात यायची. आमची सुट्टी त्या दिवशी लागायची आणि पाडव्याच्या आगंमागं संपायची. त्यात दिवाळी फडात, संक्रांत फडात, शिवरात्र फडात. दिवाळीला शाळा बंद आहे का चालू याच्याशी आम्हाला काय देणंघेणं? कारखान्यावरच्या कोपीत मी धाकट्या भावाला सांभाळायची, पहाटे आईनं वाढं बांधायला घेतलं की मी चुलीवर भाकरी टाकायची. नऊ वर्षांची होते.

हजेरीपटात माझ्या नावापुढं काय लिहिलं जायचं देव जाणे. पुढच्या वर्गात मात्र मी दर वर्षी गेलेली असायचे.

नंतर गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं म्हणून मी आजीपाशी राहिले आणि शिकले. आज नोकरीला आहे. पण वसतिगृहाचंही तेच. गाड्या जातात दसऱ्याला आणि मंजुरी येते उशिरा. मधल्या दिवसांत ज्या आईला लेकरू ठेवायला जागा नाही ती त्याला उचलून घेऊनच जाते. एकदा गेलं की मधेच परत येत नाही. २३० दिवस शाळा भरवली म्हणून शिक्के मारता, त्यातले आमच्या वाट्याला निम्मेही येत नव्हते. कॅलेंडर बदलायचंच असेल तर ज्या गावातून गाड्या भरून जातात तिथं पहिलं सत्र भरगच्च ठेवा. जून ते सप्टेंबर एक दिवस वाया घालवू नका. नागपंचमी, राखी, पोळा, लक्ष्म्या, सगळं त्याच चार महिन्यांत येतं आणि सगळ्या सुट्ट्याही त्यातच. म्हणजे आम्ही जेव्हा गावात असायचो तेव्हा शाळा बंद, आणि शाळा सलग भरायला लागली की आम्ही कर्नाटकात.

सण नको असं म्हणत नाही हो. लक्ष्म्यांना आई पुरणाच्या पोळ्या करायची, वर्षात तेवढाच एक दिवस घरात सगळे बसून जेवायचो.

निळी_शाई

यावर काय बोलावं. या धाग्यात आत्तापर्यंतचं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे.

जुनं_दफ्तर

मुली, तुझं म्हणणं शिक्षणाधिकाऱ्यांच्या टेबलावर जायला पाहिजे. दीर्घ सुट्टी कमी करून तिचे दिवस गणपती-नाताळाकडं वळवायची मुभा परिपत्रकात असते, शिक्षणाधिकाऱ्यांच्या परवानगीनं. कोकणाला गणपती मिळतो तो असाच. मग बीडला दिवाळीची सुट्टी मागं-पुढं करून हंगामाशी का जुळवता येऊ नये? दिवाळीत पोरं फडातच असतील तर गावात उरलेल्या दहा पोरांना दिवाळीची लांब सुट्टी देऊन वसतिगृहही बंद ठेवण्यात काय हशील.

एडिसनकर

मूळ औसा तालुका, सध्या न्यू जर्सी. येळवशीचं वाचून जीव कासावीस झाला, ते असो.

इकडंही हेच भांडण चालतं. नदीपलीकडं न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांत दोन्ही ईद आणि चांद्र नववर्ष २०१५ मध्ये सुट्ट्यांत आले. दिवाळीसाठी आपली माणसं वर्षानुवर्षं मागं लागली होती. २०२३ ला कायदा झाला, आणि १ नोव्हेंबर २०२४ ला पहिल्यांदा दिवाळीची शाळा बंद राहिली. त्यांनाही वर्षाला १८० दिवस भरावे लागतात, त्यामुळं तिकडंही 'आता अजून किती जणांना देणार' हा सूर होताच. आपलीच काही मंडळी ईदच्या वेळी तो लावत होती आणि दिवाळीच्या वेळी गप्प बसली, हेही डोळ्यांनी पाहिलं.

पण धागाकर्त्यांचा मुद्दा इथं कायद्यातच बसवलेला आहे. अमेरिकेत सरकारी शाळा एखाद्या धर्माचा मान राखायचा म्हणून बंद ठेवता येत नाही. इतकी मुलं आणि शिक्षक गैरहजर राहतात की शाळा चालवण्यात अर्थ नाही, असं कारण द्यावं लागतं. दुसरं म्हणजे ज्यांचा सण यादीत नाही त्यांची सोय. न्यू जर्सीचं राज्य शिक्षण मंडळ धार्मिक सणांची एक लांबलचक यादी काढतं. त्या दिवशी शाळा चालूच असते, पण पालकांनी चिठ्ठी दिली की मुलाची गैरहजेरी माफ. बुडालेली परीक्षा पुन्हा द्यायला मिळते, आणि हजेरीचं बक्षीस असेल तर ते हुकत नाही. माझी मुलगी गुढीपाडव्याला घरी राहते, तिच्या वर्गातली ज्यू मैत्रीण तिच्या सणाला. शाळा दोघींसाठी बंद होत नाही आणि दोघींचं नुकसानही होत नाही.

उर्दू_मीडियम

हे हवंय. सुट्टी नको, माफी हवी. माझ्या भाच्याला एवढंच पाहिजे होतं.

मन्याडखोरं

माफीला माझी हरकत नाही. पण चिठ्ठी कोण लिहिणार? आमच्याकडं आईबाप सही करतात ती पण अंगठ्याशेजारी. मग मास्तर म्हणणार चिठ्ठी नाही, गैरहजर.

दुधनाकाठची_आई

चिठ्ठी कशाला. गुरुजींना माहीत नसतं का कोणाच्या घरी कोणता सण ते. गाव केवढं असतं.

निळी_शाई

१४ जानेवारीला हे फार दिसतं. एकाच वर्गातल्या निम्म्या पोरी सुगडं पुजायला घरी आणि उरलेल्यांपैकी काही घरच्यांबरोबर विद्यापीठ गेटला. १९९४ ला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार होऊन बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं ते याच तारखेला. आमच्या घरी संक्रांत नंतर कधीतरी, गेटला आधी. त्या दिवशी यादीत संक्रांतीची सुट्टी असते म्हणून आमचंही निभावतं. पण एका वर्षी क्रीडा स्पर्धा नेमकी १५ ला सकाळी ठेवली होती. रात्रभर गाडीत बसून आलेली पोरं खो-खो काय खेळणार? शिक्षकांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढं तारीख फक्त तिळगुळाची होती.

तेरणाकाठ

बरं, मग एक करू. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नं शाळा व्यवस्थापन समिती दिलीय, तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका. आमच्याकडं ती सह्यांपुरती उरलीय, तरी कागदावर आहे. जूनच्या पहिल्या बैठकीत ठराव मांडतो. मुख्याध्यापकांच्या दोन सुट्ट्यांपैकी एक जत्रेला, दुसरी समिती ठरवेल त्या दिवशी, रविवारला जोडून नाही. ईद, बुद्ध पौर्णिमा, जत्रा, येळवस, यांच्या आदल्या आणि दुसऱ्या दिवशी चाचणी, स्पर्धा, सहल काही ठेवायचं नाही. आपल्या सणाला लेकरू आलं नाही तर बुडालेली चाचणी आठवड्यात परत घ्यायची, चिठ्ठीची अट नाही, वर्गशिक्षकानं वहीत नोंद करायची. आणि सुट्टीच्या आदल्या दिवशी उद्या कोणाच्या घरी काय आहे ते परिपाठात त्याच घरातल्या लेकरानं सांगायचं, दोन मिनिटं.

ऊसतोडीचं आमच्या गावाला फार लागू नाही, चार-पाच कुटुंबं जातात. पण वसतिगृहाची मागणी दसऱ्याच्या आधी पाठवायची हे घालतो. मसुदा रविवारी टाकतो इथं.

बालाघाट

स्टाफरूमचं काय?

तेरणाकाठ

दोन दिवस बोलणार नाहीत.

कोयत्याची_लेक

सर, मागणी दसऱ्याच्या आधी नको, ऑगस्टमध्येच पाठवा. उचल तेव्हाच वाटून झालेली असते, कोणती घरं जाणार हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. यादी नावानिशी करा, लेकरं किती आणि मागं राहणारी आजी-आजोबा आहेत का ते लिहून.

निळी_शाई

बुद्ध पौर्णिमा काढा त्यातून, ती बहुतेकदा उन्हाळी सुट्टीत येते, तेव्हा शाळाच नसते. तिथं १४ एप्रिल घाला. आणि वार्षिक परीक्षेबद्दल ठरावात काही लिहू नका, ते वेळापत्रक पुण्याहून येतं, समितीच्या हातात नाही. नाहीतर त्या एका ओळीवर बोट ठेवून अख्खा ठराव परत पाठवतील.